‘बदमाश’ लिहिलेला पुठ्ठा

मित्रांनो, माझ्यावाचून ही भाषा लुळी पडेल! माणसाला माणसाची पारख करता यावी, यासाठीच माझा जन्म. तसा मी एक जुना, तळहाताएवढा पुठ्ठा आहे आणि माझ्या एका कोपऱ्याने कोणीतरी दात कोरले आहेत.

शब्दकोशाच्या कचेरीत माझ्यासारखे हजारो पुठ्ठे लाकडी खणांत उभे असत. एका पुठ्ठ्यावर एकच शब्द. माझ्या वाट्याला आला ‘बदमाश’.

मला लिहिले कचेरीतल्या बाईंनी. अक्षर मोत्यासारखे. फारसी ‘बद’ म्हणजे वाईट, अरबी ‘मआश’ म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. वाईट मार्गाने पोट भरणारा, तो बदमाश. पुढे कुठलाही लुच्चा बदमाश झाला, आणि त्याहीपुढे आया आपल्या खोडकर पोरांना लाडाने बदमाश म्हणू लागल्या.

बाईंचा एक नेम होता. उदाहरणाचे वाक्य मनाने रचायचे नाही. कानांनी ऐकलेलेच लिहायचे, आणि कोण बोलले तेही. लाडाचे वाक्य त्यांना धाकट्या बहिणीकडून मिळाले, लुच्च्याचे बसमध्ये. मूळ अर्थापुढची ओळ मात्र वर्षानुवर्षे कोरी राहिली.

बावीस वर्षांनी कोश छापायला निघाला. पहिल्या पानावर नाव एकच, संपादकसाहेबांचे. साहेब आठवड्यातून एकदा पंख्याखाली बसायला येत. बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“माझं नाव राहिलंय, साहेब.”

“अहो बाई, तुम्ही तर घरच्या! घरच्यांची नावं कोणी छापतं का?”

दाराशी उभ्या शिपायाने सगळे ऐकले. बाई जागेवर आल्या तसा तो पुटपुटला, “दुसऱ्याच्या कष्टावर जन्मभर पोट भरतोय, बदमाश मेला!”

बाईंनी मला खणातून काढले आणि कोऱ्या ओळीवर ते वाक्य उतरवले. शिपायाचे धाबे दणाणले.

“बाई, माझं नाव नका हो घालू. दोन लेकी आहेत पदरात.”

मग बाईंनी तेच वाक्य स्वतः मोठ्याने म्हटले, स्वतःच्या कानांनी ऐकले आणि बोलणाऱ्याच्या जागी लिहिले, ‘मी’.

छापण्याआधी प्रत्येक पुठ्ठा साहेबांच्या सहीला जाई. माझ्यावर त्यांचे बोट थांबले. समोर बाई पदराचे टोक पिळत उभ्या.

“वा! काय जिवंत उदाहरण आहे! कुणाबद्दल हे?”

“आहेत एक. ओळखीतले.”

“असतात हो अशी माणसं!” साहेब हळहळले आणि त्यांनी सही ठोकली.

प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी भर सभेत नमुना म्हणून माझ्यावरचाच मजकूर वाचून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही वाजवल्या, शेजारचे बघत होते म्हणून. कोण बोलले ती ओळ तेवढी छापताना जागेअभावी गाळली होती.

काम झाल्यावर पुठ्ठे रद्दीत गेले. मी वाचलो, कारण साहेबांचे टेबल डुगडुगत होते आणि त्याच्या पायाखाली काहीतरी हवे होते. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला त्यांना तोच कोश भेट मिळाला, साहेबांच्या सहीनिशी.

तर मित्रांनो, शेवटी काही बोध सांगायचा असतो. पुस्तक हाती घ्याल तेव्हा ज्याचे नाव पहिल्या पानावर नाही त्याचीही आठवण ठेवा, वगैरे. पण ते राहू द्या. साहेब लिहिताना फार रेलतात आणि हा भार आता मला एकट्याला सोसवत नाही. घरात एखादा जाडसर पुठ्ठा पडला असेल, तर तेवढा आणून द्या.