डब्यावर न ऐकलेलं गाणं

सख्ख्या भावाचं गाणं मिक्स करायला घेऊ नये, हे ताईला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण तोवर ती हो म्हणून बसली होती. अठरा वर्षं ती हेच काम करत होती. आवाज, गिटार, ड्रम असं सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होऊन तिच्याकडे यायचं, आणि कुणी पुढे राहायचं, कुणी मागे, ते ती बसवायची. बाहेरचे गायक तिच्या खोलीत अंग चोरून बसत. धाकटा मात्र टेबलावरच पाय हलवत बसे आणि प्रत्येक बटणावर मत देई. पिकतं तिथे विकत नाही, ते असं.

रविवारी बाबा गाणं ऐकणार होते. धाकट्याने चांगली नोकरी सोडून गाणं धरलं तेव्हापासून तीन वर्षं बाबांनी तो विषय घरात निघू दिला नव्हता. परवा जेवताना मात्र आपणहून म्हणाले, "झालं का ते तुझं? ऐकव एकदा." एकदा म्हणजे एकदाच. बाबांकडे फेरपरीक्षा नसे.

आधी दोघांची जुंपली ती श्वासांवरून. दोन ओळींमधले श्वास ताईने शिस्तीत पुसून टाकले होते. धाकट्याने ते परत आणायला लावले, आणि गाणं एकदम जिवंत झालं. त्याचं बरोबर होतं. हे कबूल करणं तिच्या अगदी जिवावर आलं, आणि एकदा जिंकलेला भाऊ मग कुणाचं ऐकतोय?

"आता माझा आवाज पसरव," तो म्हणाला. "डोक्याच्या चहूबाजूंनी आल्यासारखा वाटला पाहिजे."

"त्यासाठी तुझ्या आवाजाची एका बाजूची लाट उलटी करावी लागेल, वरची खाली. हेडफोनवर छान वाटेल. पण दोन्ही बाजू एकाच स्पीकरमधून निघाल्या की एकमेकींना खाऊन टाकतील. दोघांनी दोन टोकांनी सारख्याच जोराने ओढली तर दोरी हलते का?"

"तुझं प्रत्येक गोष्टीला आधी नाहीच असतं. श्वासांच्या वेळीही हेच केलंस."

"गाणं तुझं आहे, पण कान लोकांचे आहेत."

"मग त्यात माझं काय राहिलं, ताई?"

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा दिवस हेच चाललं होतं. "घे, तुझंच खरं," म्हणून तिने एक बाजू उलटी केली. टेबलाच्या कोपऱ्यात एकच स्पीकर असलेला एक डबा होता. त्याच्यावर ऐकल्याशिवाय एकही गाणं तिने हातावेगळं केलं नव्हतं. बाबा घरच्या दोन मोठ्या स्पीकरांवर ऐकतील, तिथे निभावेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि डबा न लावताच गाणं बाबांना पाठवून दिलं. याची जरा जिरली तर बरंच, हेही मनात होतं.

रविवारी बाबा स्वयंपाकघरातून उठलेच नाहीत. "बाहेरच्या खोलीत कशाला? इथेच लावू," म्हणत त्यांनी आपला जुना फोन पाण्याच्या जगला टेकवला. त्या फोनला स्पीकर एकच होता. ताईने घाईने हात पुढे केला, पण बाबांनी डोळे मिटून बोट वर केलं. मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे.

गिटार वाजली, ड्रम वाजले. आवाज नव्हता. ज्या श्वासांसाठी एवढं भांडण झालं, तेही नव्हते. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. साडेतीन मिनिटं तिघं तसेच बसून राहिले.

बाबांनी डोळे उघडले. "वाजवलंय छान. गाणं कधी सुरू होतं?"

ताईने काय झालं ते सांगितलं. बाबांची तीस वर्षं कारखान्यात लेथवर गेली होती. त्यांना दोन वाक्यांत समजलं.

"हातातून सोडण्याआधी तपासलं नाहीस?"

"तिची चूक नाही, बाबा," धाकटा म्हणाला. "ती नको म्हणत होती. मीच हट्टाला पेटलो."

"तू पेटणारच. गाणारा माणूस आहेस, तू काहीही मागशील." बाबा ताईकडे वळले. "मोजून बघणं तुझं काम होतं."

गाणारा माणूस. तीन वर्षांत बाबांच्या तोंडून हे पहिल्यांदा आलं होतं, तेही त्याचा एक सूर न ऐकता. धाकट्याने मान खाली घातली, तरी त्याचा खुललेला चेहरा ताईला दिसत होता. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मान त्याला मिळाला आणि बोलणी तिला बसली, आणि उलट बोलायला तोंड नव्हतं, कारण ती बोलणी तिनेच ओढवून घेतली होती.