आप्पांनी सांगितलेली नावं

पुस्तकवाल्यांनी जन्मात एखादा खिळा ठोकला असेल, तर तो कॅलेंडरसाठी, आणि तोही वाकडा. पण आप्पा सुतारांच्या कारखान्यात ते असे शिरले, जणू लाकूड यांनीच शोधून काढलं. खिशाला दोन पेनं, हातात जाडजूड वही. पुस्तक लिहायला सुतारकामातली जुनी नावं गोळा करत होते म्हणे.

"याला काय म्हणता?"

"गुण्या. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला."

"आणि हे?"

"पाचर. रंध्याचं पातं हलू नये म्हणून ठोकतात."

पुस्तकवाल्यांचं तोंड उतरलं. "ही तर सगळ्यांना ठाऊक आहेत हो. काहीतरी अस्सल सांगा. वाडवडिलांचं."

झालं! आप्पांचं डोकं सटकलं. चाळीस वर्षं ज्या नावांनी हत्यारं मागितली, ती म्हणे अस्सल नाहीत! आप्पांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, रंधा मारणारी आणि बाता मारणारी. दुसऱ्या प्रकारची फिरकी घेण्यात त्यांना काडीचंही पाप वाटत नसे.

"घराण्यातली गुपितं आहेत, साहेब," ते आवाज खाली आणून म्हणाले. "गुण्याला आम्ही म्हणतो सासू. सगळ्यांचं वाकडं तिलाच दिसतं. पाचर म्हणजे जावई, दुसऱ्याच्या घरात ठाण मांडून बसतो. आणि लाकडातल्या गाठी म्हणजे भाऊबंद. करवत अडवतात ना!"

पुस्तकवाले मान डोलवत लिहीत सुटले. पलीकडे पटाशी चालवणाऱ्या लेकीने डोळे वटारले, पण आप्पांना चेव चढला होता. त्या एका दुपारी त्यांनी साठ नावं पाडली आणि वर चहाही पाजला.

दोन वर्षांनी त्या वहीचं पुस्तक झालं. पुस्तकाला बक्षीस मिळालं आणि सरकारी सुतारशाळेत ते अभ्यासाला लागलं. आप्पा पोट धरून हसले. म्हणाले, "गाढवांचा बाजार आहे नुसता!"

मग एके दिवशी लेकीने तेच पुस्तक त्यांच्यापुढे टाकलं. सुतारशाळेत शिकवायची जागा निघाली होती आणि तिने अर्ज भरला होता. तिचा हात आप्पांपेक्षा सफाईदार, हे आप्पाही मान्य करत. पण तिने केलेलं कपाट बघून गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "आप्पांचं काम आहे, दिसतंच." ही नोकरी तिची स्वतःची असणार होती.

"तोंडी परीक्षा यावरच आहे," ती म्हणाली. "पाठ करतेय."

आप्पांचं हसू जागच्या जागी विरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकवाल्यांचं घर गाठलं.

"साहेब, चुकलं माझं. थापा मारल्या मी. त्यातलं एकही नाव खरं नाही."

पुस्तकवाले गोड हसले. काय ते हसू! त्यांनी पान उघडून दाखवलं. "हे बघा, खाली तुमचंच नाव छापलंय. आप्पा, तुम्ही विसरलात. वय झालं की होतं असं."

"अहो, मी सुतार आहे!"

"म्हणूनच तर तुमचा शब्द प्रमाण मानला," पुस्तकवाले म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

परीक्षेच्या दिवशी आप्पांनी हत्याराला हात लावला नाही. दुपारी लेक आली. चप्पल काढून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"काय झालं गं?"

"लागली नोकरी. सगळी उत्तरं बरोबर आली."

"अगं मग अशी काय उभी? आता जे खरं आहे तेच शिकव पोरांना. कोण बघतंय?"

"परीक्षा त्या पुस्तकावर होते, आप्पा. खरं शिकवलं तर पोरं नापास होतील." तिने तांब्या खाली ठेवला. "शाळेचे साहेब म्हणाले, पहिल्या दिवशी वडिलांना घेऊन या. पोरांना भेटवू."

आप्पा उठले. "येतो की. त्यात काय!"

"नका येऊ," लेक म्हणाली. "त्यांना सांगितलंय मी, वडील आता कोणाला ओळखत नाहीत."