दोघांचा पास

रायपुरातल्या तलावाकाठच्या बागेचा आमचा वर्षाचा पास माझ्या फोनमध्ये होता. फाटकाच्या यंत्राला फोन टेकवला की पडद्यावर दोन नावं उमटायची, लहानू मेश्राम आणि अंजनाबाई मेश्राम. दोन माणसं आत जाईपर्यंत, फार तर मिनिटभर, हिरवा दिवा जळत राहायचा. साठीनंतर वाचायला शिकले, म्हणून ती नावं मी रोज वाचायचे.

मी पुढे असायचे, गुडघ्यामुळे हे मागे. मी आतून म्हणायचे, "या ना लवकर!" रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, म्हणायचे, "काहून, गाडी सुटून राहिली का तुही?"

हे जाऊन दोन महिने झाले. आज पासची मुदत संपत होती. फाटकावरची चेतना आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. ती हळूच म्हणाली, "काकू, एकटीचा बनवून देऊ? नवा आला का जुना आपोआप मिटते."

"म्हणजे त्यायचं नाव जाईन?"

"हव."

"मंग थांब. एक डाव याच्यावरच आत जातो."

फोन टेकवला. दोन्ही नावं आली. आत जाऊन मी रोजच्यासारखी वळून उभी राहिले. दिवा अजून हिरवाच होता. मागची माणसं पुढे सरकली, पण चेतनानं हात आडवा धरून कोणालाच येऊ दिलं नाही.

थोड्या वेळानं दिवा लाल झाला.

मी गजांमधून फोन तिच्या हाती दिला. "कर आता," म्हटलं.