नव्वदच्या पुढचा धडा

"एकशे त्रेचाळीस अंश!" रेवणप्पा ओरडले, आणि मुरुडजवळच्या त्या तहानलेल्या गावाने श्वास रोखला.

पारावर बसलेल्या महाराजांनी डोळे मिटले. "साइन... शून्य पॉइंट सहा शून्य एक आठ!"

मल्लिकार्जुन शेठजींनी लातूरहून, म्हणजे आपल्या नव्याकोऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून, आणलेल्या गणकयंत्राची बटणं दाबली. तोच आकडा! बाया भराभर पाया पडू लागल्या. शाळेतलं साइनचं कोष्टक नव्वद अंशांवर संपतं, हे गावच्या शिकलेल्या पोरांना ठाऊक होतं. मग त्यापुढचं सांगणारा देवच की!

"कोष्टक आटतं तिथं आमची सिद्धी पाझरते," महाराज गरजले. "जुन्या विहिरीचं खोदकाम सोडा. पाणी माळावर हाय!"

रेवणप्पांची लेक महादेवी लातूरच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. जुन्या विहिरीत निदान घागरभर पाणी झिरपत होतं. खोदकाम थांबलं तर तेही जाणार. आणि हे महाराज म्हणजे गेल्या वर्षीपर्यंतचे तिचे अमृतराव गुरुजी! "पोरीला पुढं शिकवा," असं अप्पांना सांगणारे हेच. वर्गात मात्र ते पानं उलटून म्हणाले होते, "नव्वदच्या पुढचा धडा परीक्षेला येत न्हाई." लातूरला तोच धडा पहिल्याच आठवड्यात झाला. गुरुजी विसरले असतील, असं ती वेडी समजून चालली होती.

"अप्पा, ह्या दोरीचं टोक मधे दाबून धरा."

तिने मातीत अर्धवर्तुळ काढलं, खाली आडवी रेघ ओढली. कोनमापक लावून उजवीकडून सदतीस अंशांवर एक खूण केली, एकशे त्रेचाळीसवर दुसरी. "ही दुसरी खूण डावीकडून मोजली तर सदतीसच हाय. आता रेघेपासून दोन्हींची उंची मोजा."

अप्पांनी काडीने मोजली. दोन्ही उंच्या सारख्या.

"दोरीची लांबी एक धरली तर ही उंची म्हंजे साइन. एकशेऐंशीतून एकशे त्रेचाळीस वजा करा. शेठजी, हे घ्या शाळेचं कोष्टक, त्यात सदतीस बघा."

शेठजी पुटपुटले, "सहा शून्य एक आठ."

"गुरुजींना नव्वद आकडे पाठ हायेत. बाकी नुसती वजाबाकी. त्यातून पाणी कसं दिसंल?"

अमृतरावांचा आवाज खाली आला. "पोरी, तुला मीच शिकवलं न्हवं?"

"हेच तेवढं न्हाई शिकवलं, गुरुजी." तिला रडू आवरेना. "आमच्यापासून लपवून ठेवलं, अन् आमच्यावरच चालवलं."

रेवणप्पांनी फावडं उचललं आणि जुन्या विहिरीची वाट धरली. हळूहळू गाव मागे निघालं.

मंडळी, आकडा खरा निघाला म्हणून सांगणारा खरा ठरत नाही. पाया पडण्याआधी एकदा तरी विचारा, हे कसं काढलं? ज्याला खरंच येतं, तो मातीत रेघ ओढून दाखवील.