तळाचा बर्गा

"मासा वर चढला, तर तुजी मासळीची पाटी डोक्यावर घिऊन पौडच्या बाजारात हिंडंन!" भिवाजी मिशीला पीळ देत म्हनला.

"आन न्हाई चढला, तर तुमच्या म्हशीला वरीसभर रोज सलाम ठोकंन, भिवादादा," शेजारच्या मासं धरनाऱ्या वाडीतली तुळजाबाई म्हनली.

मित्रांनो, ज्याच्यापायी ही पैज लागली, तो मी. मुळा नदीच्या बंधाऱ्यातला जुना बर्गा. म्हंजे पानी अडवायचं लोखंडी फळकूट. उरवड्याच्या वर्कशापात जलमलो. बसवला तवा नारळ फुटला, हार पडला. लई ऐट हुती माजी!

पावसाळ्याच्या तोंडाला माजे वरचे भाऊ काढायचे. मला मातुर तळातच ठिवायचे. "एकच ऱ्हाऊं द्या, माज्या शेतातल्या मोटारीपुरतं पानी," भिवाजी दर साली म्हनायचा.

मंग पहिल्या पुरात म्हाशीर मासं यायचं, वर अंडी घालाया. टक. टक. नाकाडं फुटंस्तवर माज्या छातीवर आपटायचं. सालं गेली, टकटक कमी झाली. एका साली झालीच न्हाई. पन मला ऐकू येतच ऱ्हायली. भर उन्हाळ्यातबी. टक.

मासेखात्याच्या साहेबांनी तीनदा माशांची पिल्लं सोडली, फोटू काढलं, गेले. यंदा ग्रामसभेत समदे तुळजाबाईवर घसरले. "तुमच्या वाडीनंच मासं संपवलं. जाळी बंद करा!"

"करतो की. पूर वसरंस्तवर येक जाळं दिसनार न्हाई. पन वाडीचं प्वाट जाळ्यावर हाय. आमी एकट्यांनीच का सोडायचं? तुमी तळाचा बर्गा सोडा."

सरपंच आशालताताई म्हनल्या, "दोघांनी सोडायचं. मोटारी पाळीनं. आन वाडीची येक बाई, शेतकऱ्यांचा येक गडी, दोघांच्या सहीबिगर बर्गा घालायचा न्हाई, काढायचा न्हाई."

सभेतनं निघताना पैज लागली ती अशी.

मला उपटून काठावर टाकला. पूर आला. दोन दिस काय न्हाई. "म्हशीला सांगून ठिवलंय बरं का," भिवाजी म्हनला. तिसऱ्या दिशी माज्या रिकाम्या जाग्यातनं येक पाठ चमकली. मंग दुसरी. तुळजाबाईनं बोटांवर मोजाया घेतलं, आन सोडून दिलं. भिवाजीनं टोपी काढली.

माजी टकटक मातुर थांबली न्हाई. आपटून गेलेलं माघारी येत न्हाईत, मित्रांनो. तुमच्या गावाला बंधारा असंल, तर पुराआधी तळात वाकून बगा. "एकच ऱ्हाऊं द्या" म्हननारं कुनीतरी असतंयच.

बाजारच्या दिशी, गंजलेला म्हनून, मला भंगारच्या टेम्पोत घालून पौडातनं नेला. गर्दीत भिवाजी दिसला. डोक्यावर तुळजाबाईची मासळीचा वास मारनारी, रिकामी पाटी. मागनं तुळजाबाई, "आवाज कुटं गेला, दादा?"

त्यानं डोळं मिटलं आन वरडला, "मासं न्हाईत हो, मासं न्हाईत! वर चढत्यात! पूर वसरल्यावर या!"