देव्हाऱ्यामागचा निरोप्या

"आई, याच्या डोळ्यासमोर काही ठेवायचं नाही हं. फुलांची परडीसुद्धा नाही!"

गार्गीचं हे बजावणं मला अजून आठवतं. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. संगणक म्हटलं की तुम्हाला पडदा आणि कीबोर्ड आठवेल. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी, एवढंच माझं शरीर. तिच्या कडेला टाचण्यांसारखे पाय उभे असतात, त्यांना पिन म्हणतात. एकेका पिनेला एकेक तार जोडायची आणि तिनं ऐकायचं की बोलायचं, ते मला प्रोग्रॅममध्ये लिहून द्यायचं. ऐकणारी पिन बाहेरची खबर आत आणते, बोलणारी माझा हुकूम बाहेर नेते.

यजमान श्यामकांतराव गेले आणि गार्गीची आई जयंतीबाई मुलुंडच्या घरी एकट्या राहिल्या. लेक बोरिवलीला बोलावून थकली. पण दिवेलागणीला देवापुढे समई लावल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असा त्यांचा नेम. "माझ्या देवांना अंधारात ठेवून कुठं येऊ गं?" म्हणायच्या. तेव्हा गार्गीनं प्रकाश ओळखणारा चिमुकला डोळा माझ्या एका पिनेला जोडला आणि मला देव्हाऱ्यामागे बसवलं. समई उजळली की मी तिच्या फोनवर निरोप धाडायचा, ‘दिवा लागला.’ म्हणजे आई बरी आहे.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! खंडेनवमीला जयंतीबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. रोज समई लावून म्हणायच्या, "कळव रे बाबा माझ्या लेकीला."

पण मित्रांनो, माझा निरोप वेळेवर पोचू लागला आणि गार्गीचे फोन कमी झाले. रोज यायचा तो आठवड्यानं येऊ लागला, मग सणावारी. जप आटोपला की जयंतीबाई माळ हातातच धरून फोनकडे बघत बसायच्या. त्यांच्याशी बोलावं असं मला फार वाटे. पण मला येत होते ते दोनच शब्द, आणि तेही दुसऱ्याच घरी ऐकू जायचे. हळूहळू माझ्यावर धूळ बसली.

श्रावण लागला. वरच्या मजल्यावरचा धवल लग्नाच्या मांडवांना रोषणाई करतो. त्यानं हौसेनं देव्हाऱ्याला दिव्यांची माळ लावून दिली. सात वाजता ती आपोआप पेटावी म्हणून माळेच्या स्विचची तार आणून नेमकी माझ्या डोळ्याच्या तारेवर पिळली. लॅपटॉप जोडून, मोबाइलवर बघत एक प्रोग्रॅमही लिहिला. ‘ही पिन आधीच वापरात आहे,’ अशी सूचना मी दिली.

"पेटतेय ना माळ? मग झकास!" म्हणत त्यानं ती सूचनाच बंद करून टाकली.

आता ऐकणाऱ्या पिनेला बोलायचाही हुकूम झाला. सात वाजता ती माळेला सांगायची, ‘पेट.’ तोच आपला आवाज ऐकून मी समजायचो, समई लागली.

पुढच्याच आठवड्यात जयंतीबाईंना तापानं गाठलं. तिन्हीसांज झाली, त्यांना उठवेना. समई तशीच राहिली. माळ मात्र लखलखली आणि निरोप गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. खाटेवरून त्या पुटपुटल्या, "दिवा नाही लागला माझा. आता तरी गार्गी फोन करील."

फोन आला नाही.

तिसऱ्या सकाळी दूध दाराशीच राहिलेलं पाहून शेजारच्या शांताबाई त्यांच्याकडच्या किल्लीनं आत आल्या. त्यांनीच फोन लावला. "गार्गे, आई तापानं फणफणलीय, आणि तू आहेस कुठं?"

"पण काकू, रोज दिव्याचा मेसेज येतोय मला!"

"डोंबलाचा मेसेज! समईतली वात कोरडी पडलीय."

गार्गी धावत आली. डॉक्टर झाले, औषध झालं. संध्याकाळी आईला घाम फुटून ताप उतरला, तेव्हा तिनं मला बाहेर काढलं. माझ्या डोळ्यावर हात धरला, तरी मी म्हणालो, ‘दिवा लागला.’ डोळाच काढून टाकला, तरी तेच. मग तिनं माळेचा प्रोग्रॅम थांबवला, आणि मी गप्प झालो. दोन्ही प्रोग्रॅम उघडून बघते तर दोन्हींत एकाच पिनेचा नंबर!

धवल खाली आला. "ताई, बोर्डात आपण एका स्क्रूला चार तारा पिळतोच की. चालतंय ना!"

"बल्बला चालतं रे. याला नुसतं पेटवायचं नसतं, ऐकायचंही असतं."

बिचारा ओशाळला. गार्गीनं माझा डोळा पुन्हा जोडला, माळ मोकळ्या पिनेवर नेली, तिचा उजेड माझ्या डोळ्यावर पडणार नाही अशी ती सरकवली आणि दोन्ही पिनांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग समई लावून पाहिली, शांत करून पाहिली. मी खरं बोलू लागलो.

"झालं गं आई, आता नाही चुकायचा."

जयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दिवा लागला की नाही, हे कळेल त्याला. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, हे कसं कळायचं?"

गार्गी बराच वेळ आईचे पाय चेपत बसली. "दर सोमवारी येईन. तुझा उपवास आपण दोघी मिळून सोडू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय?"

"तर मी येईन तुझ्याकडे. शब्द देते."

"तू? देवांना सोडून?" गार्गी हसली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्या एका पिनेवर दोन कामं लादू नका, मी सूचना दिली तर ती वाचा. आणि आपल्या माणसाची विचारपूस माझ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. ते काम कुठल्याच पिनेला जमत नाही.

गेल्या सोमवारी दुपारी गार्गीचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, मलाच कणकण आहे गं. नाही जमत आज."

"बरं. पडून राहा," एवढंच म्हणून जयंतीबाईंनी फोन ठेवला. मऊ भात डब्यात भरला. खिडकीत ऊन होतं, तरी देवांना नमस्कार करून त्यांनी समई लावली. मी निरोप धाडला. त्यांनी डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.