कुणीच न पाहिलेला भाग

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. पाठीवर लिहिलंय 'सुधाचं लग्न', आणि सुरुवातीला मंगलाष्टकंही आहेत. ती विमानतळावरच्या तपासनिसांसाठी. त्यांनी अक्षता पाहिल्या आणि मला सोडलं. अक्षतांनंतर सुरू होतो जपानी चित्रपट, चोरून बघायचा.

आखातातल्या रास अल खैमात मला मुरलीधररावांनी आणलं. ते टाइल्सच्या कारखान्यात सुपरवायझर. शुक्रवारी घरातल्या बायका बाजारात गेल्या की दोस्त जमत. चित्रपटातल्या टायपिस्टवर तिचा साहेब बळजबरी करतो. तेवढंच पुन्हा पुन्हा मागे घेऊन माझी फीत तिथे झिजली. पुढचं आलं की कुणीतरी ओरडे, "यल्ला, चल, रडगाणं फॉरवर्ड कर!" मग एकदम शेवट: ती हसत त्याच साहेबाकडे परतते. "बघ, आवडलंच होतं तिला!"

त्या शेवटावर माझा कधीच विश्वास बसला नाही. बघणाऱ्यांना निवांत झोप लागावी म्हणून तो जोडलाय.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मुरलीधररावांची बहीण गिरिजा शिवणाच्या दुकानातून आली आणि म्हणाली, मालकाने जबरदस्ती केली. मग एकदा ती शेजारणीच्या विनोदावर हसली. झालं!

"असं झालेली बाई हसते होय?" मुरलीधरराव म्हणाले. "व्हिसा त्या मालकाने दिलाय, काम सोडलं तर गावी परत. शनिवारपासून कामावर जायचं. खलास."

त्यांची मुलगी स्वप्नाली कॉलेजच्या सुट्टीत आली होती. लग्न बघायला तिने मला लावलं. बळजबरी दिसताच तिने तीच फॉरवर्ड केली आणि रडगाण्यावर थांबली. टायपिस्ट डबा खाताना मैत्रिणींसोबत खळखळून हसते; घरी येऊन दाराला कपाट सरकवते. आईने हात धरला तर दचकते.

मागे गिरिजा कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"आत्या, बंद करू?"

"नको गं. मीपण दाराला खुर्ची लावते."

तेवढ्यात मुरलीधरराव आले. "ही कुठून काढलीस?"

"तुमच्या कपाटातून. बाबा, मघाशी पडद्यावर रेघाच रेघा होत्या. हा भाग मात्र कोरा करकरीत! एकदाही पाहिला नाहीत ना?"

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"दादा," गिरिजा म्हणाली, "व्हिसा गेला तर जाऊ दे. मी जाणार नाही. आणि गावी कळवताना 'हवा मानवली नाही' म्हणू नकोस. झालं ते सांग."

शनिवारी दुकानाची गाडी खाली हॉर्न देत राहिली. मुरलीधरराव जिना उतरून गेले; गाडी रिकामी गेली. ड्रायव्हरला काय सांगितलं? 'तब्येत बरी नाही', असंच असणार, मला दाट शंका आहे.

मी अजून टीव्हीखाली पडून आहे. मला फेका, जाळा, माझं काही म्हणणं नाही. फक्त कुणा गिरिजाचं हसू तिच्याच विरुद्ध साक्षीला उभं करू नका.